शंभर मिलिमीटर

हुजेफा म्हणाला, दीडशेचाच घ्या ताई, सगळे तोच नेतात.
सगळ्यांचे पाय लांब असतील.
शनिवारी मी कंपनीतला व्हर्निअर पर्समध्ये घालून आणला
(अंबडच्या गेटवर नोंद न करता, आता सांगायला हरकत नाही)
आणि कॅनडा कॉर्नरला, त्याच्या दुकानापुढच्या फुटपाथवर
उकिडवी बसून नळीचं तोंड मोजलं.
तीस पूर्णांक नऊ.
त्याच्या हातातला पोस्ट एकतीस पूर्णांक सहा.
"थोडं घासून बसवतो की."
अठरा वर्षं मी हेच वाक्य
लाल शिक्का मारून परत पाठवते आहे.

मग बाटलीच्या बोल्टपर्यंतची खोली,
मग पेडल तळाशी असताना टाच ते बैठक.
वजाबाकीत उरले एकशे चार.
शंभराचा मागवला. अकरा दिवसांनी आला.
घरी किंमत अकरा हजार सांगितली, होती सतरा.
अकरालाही जयवंत म्हणाला,
सीट वरखाली करायला? पाना काय वाईट होता?

पाना नव्हता, खटका होता.
चामरलेणीच्या मागच्या वाटेवर, माथ्याला
उतरायचं, खटका उघडायचा, सीट दाबायची,
खाली पोचलं की पुन्हा वर,
नेलपॉलिशच्या रेघेपर्यंत.
मरून रेघ. भाचीच्या लग्नातली बाटली.
तोवर बरोबरची पोरं दिसेनाशी झालेली,
नुसती धूळ, आणि धुळीत त्यांचं हसणं.

आता डाव्या अंगठ्याखाली एक चिमुकली कळ.
पहिल्याच रविवारी दाबली, उतारावर, उभ्यानेच,
आणि काहीच झालं नाही.
मी मात्र झाले, घाणेरीच्या झुडपात, कोपरापर्यंत सोललेली.
तेव्हा कळलं:
कळ दाबून ती खाली जात नाही,
बसावं लागतं तिच्यावर, अख्खं वजन देऊन.
आणि वर यायला हवी असेल
तर आधी आपण उठायचं.
हे पत्रकात होतं. पत्रक मी वाचलं नव्हतं,
मी, जी दुसऱ्यांना पत्रकं वाचायला लावते.

जानेवारीत, गंगापूर रोडला पहाटे सहा अंश असताना
ती वर येते
वीज आल्यावर पंखा वेग घेतो तशी,
विचार करत.
मुरुमाची धूळ रबराच्या कडेला साचते,
ती मी जुन्या ओढणीने पुसते, सिलिकॉनचा एक थेंब, बस.
एकदा मखमलाबादजवळ केबल तुटली.
सीट तळाशी अडकलेली, गुडघे हनुवटीला,
द्राक्षांच्या क्रेट भरणारे हात थांबवून बघत होते
आणि एक पोरगं बांधावरून ओरडलं,
काकू, सीट वर करा ना!
बाळा, तेच तर.

खरं सांगायचं तर उतार आठवड्यातून एकदा.
रोजचा आहे त्र्यंबक नाक्याचा सिग्नल.
पूर्वी तिथे मी एका पायाच्या अंगठ्यावर तोललेली,
मागून रिक्षा, पुढून बस, दुभाजकाला हात टेकवू की नको.
आता लाल दिवा दिसला की डावा अंगठा,
फुस्स असा आवाज,
आणि दोन्ही टाचा डांबरावर.
शेजारचा स्कूटरवाला वळून बघतो.
बघू दे. मी डब्यातल्या भाजीचा विचार करते.

काल पुन्हा व्हर्निअर आणला.
वजन दिलं की ती आपोआप खचते, तीन मिलिमीटर.
कारखान्यात एवढ्यावर अख्खा लॉट थांबवला असता.
हुजेफा म्हणेल कार्ट्रिज बदला, साडेचार हजार.
मागच्याच महिन्यात तपासणीला आलेल्या सिस्टरने
माझी उंची पाच फूट अर्धा इंच लिहिली,
मी म्हटलं, एक लिहा, एक आहे,
ती म्हणाली, पट्टी बघा मॅडम.

मोजमाप कुठेही नोंदवलं नाही.
दिवाळीनंतर बघू.
हिरवा झाला,
उठले,
कळ दाबली, आणि ती आली वर,
सत्त्याण्णव म्हणा, शंभर म्हणा.